खिरेश्वरचं कुत्रं

चि. सईस,

तुझं पत्र मिळालं. खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर तुमच्यामागे आलेलं कुत्रं कोकणकड्याच्या धुक्यात दिसेनासं झालं, हाका मारून तुमचे घसे बसले, शेवटी त्याच्याविनाच पाचनईला उतरलात आणि तेव्हापासून तुला झोप नाही.

ते कड्यावरून पडलं असेल, हे माझं मन तरी मानत नाही. ते तिथलंच आहे. तोलारखिंडीतलं वाघाचं शिल्प, रेलिंग लावलेला कातळटप्पा, मग त्या न संपणाऱ्या टेकड्या, ही वाट त्याने कितीतरी गटांबरोबर तुडवली असणार. तुमच्या हाका त्याला ऐकू गेल्याच असतील असंही धरू नकोस. कड्याखालून जो वारा उसळतो, त्यात शेजारच्याचं बोलणं कळत नाही.

आल्या वाटेच्या वासाने कुत्री माघारी फिरतात, हे आपण ऐकून असतो. चेक संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस बांधलं, तेव्हा आणखी एक गंमत निघाली. २०२० मध्ये त्यांनी ती मांडली. काही कुत्री आली ती वाट सोडून भलत्याच बाजूने परततात आणि त्याआधी बऱ्याचदा उत्तर-दक्षिण रेषेत वीसेक मीटर धावून घेतात. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ती दिशा लावत असावीत, असा त्यांचा अंदाज. तुम्ही धुक्यात शोधत होतात तेव्हा याने घराची वाट धरलेलीही असेल.

आणि खरं सांगू? ते पाचनईपर्यंत आलं नाही हे बरंच झालं. खिरेश्वर जुन्नर तालुक्यातलं, पाचनई अकोले तालुक्यातलं, मध्ये अख्खा हरिश्चंद्रगड. तुम्ही जीपमध्ये बसून निघाला असतात आणि ते परक्या आळीतल्या कुत्र्यांच्या तावडीत सापडलं असतं. बिस्किटाच्या पुड्यावर कुत्र्याचा जिल्हा बदलायचा आणि फोटोखाली 'आमचा गाइड' लिहायचं, याचा मला फार राग येतो.

बिबट्याचं विचारलंयस. खोटा दिलासा देत नाही. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. पण तो धोका गावातल्या अंगणातही आहेच, रात्री तर हमखास. भर दुपारी निघालेल्या कुत्र्याला अंधाराआधी खिंड उतरायला वेळ भरपूर होता.

खिरेश्वरात ज्या मावशींकडे पिठलं-भाकरी खाल्लीत, त्यांचा नंबर असेलच. आजच फोन लाव. मात्र 'आमचा शेरू आला का' असं विचारू नकोस; शेरू तुम्ही ठेवलेलं नाव, आधीच्या गटाचा तो टायगर असेल. डावा कान फाटलेला, शेपटीचं टोक पांढरं, तुझ्या फोटोत दिसतं तेवढं सांग. काय म्हणाल्या ते कळव.

तुझा,
मामा