दोन प्रोसेसर आणि एक मास्तर

आमच्या श्रीवर्धनच्या घरांत सध्यां दोन संगणक नांदत आहेत. आणि एका घरांत दोन सुना आल्या म्हणजे ज्याप्रमाणें त्यांची तुलना झाल्यावांचून राहत नाहीं, त्याप्रमाणें या दोहोंचीही होत असते. ही तुलना करण्याचा अधिकार वास्तविक माझा नव्हे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेला पेन्शनर मनुष्य. परंतु या प्रकरणांत मीं एकदां नव्हे, दोनदां चुकीचा निकाल दिला, आणि त्यावरून मला शाळेंतील एका जुन्या चुकीची आठवण झाली. म्हणून हा कबुलीजबाब वाचकांपुढें ठेवीत आहें.

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलें. वाडींतलीं नारळी-पोफळीचीं झाडें आडवीं झालीं, माडीवरचीं कौलें उडालीं, आणि वडिलांच्या ग्रंथांची पेटी भिजली. निर्णयसागर छापखान्याचीं तीं जुनीं संस्कृत पुस्तकें. समासांत वडिलांच्या हस्ताक्षरांतील टिपा. तीं आम्हीं ओटीवर पसरून वाळविलीं. पण खारी हवा व वाळवी यांच्यापुढें कागदाचा काय टिकाव लागणार? तेव्हां घरांत असें ठरलें कीं, पानापानाचें छायाचित्र घ्यावें आणि छापील मजकूर संगणकाकडून ओळखवून अक्षरांत उतरवून ठेवावा.

यासाठीं संगणक घ्यावयाचा झाला. थोरल्या बंधूंच्या मुलाचें म्हणणें पडलें कीं, सर्व्हरचा प्रोसेसर घ्यावा. मोठमोठ्या कचेऱ्या आपलीं यंत्रें कांहीं वर्षांनीं बदलतात, आणि त्यांतून उतरविलेले प्रोसेसर मुंबईस लॅमिंग्टन रोडवर स्वस्तांत मिळतात. धाकट्या बंधूंची मुलगी म्हणाली, “काका, साधा नवा आय३ घेऊं या. घरच्या कामाला तो पुष्कळ झाला.” तिला स्वतःच्या अभ्यासासाठींही संगणक हवा होता. एकत्र कुटुंबाचा जमाखर्च माझ्याकडे. मीं दोघांचेंही ऐकून घेतलें, आणि हत्ती मेला तरी लाखाचा, एवढ्याच तत्त्वावर पुतण्याच्या बाजूनें निकाल दिला. पुतणी कांहीं बोलली नाहीं. शिकवण्या करून तिनें चार पैसे सांठविले होते, त्यांतून तिनें आपला लहान संगणक आपणच आणला.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा कर्ता पुरुष. पूर्वीं त्याच्या पोटांत काम करणारा एकच असे; आतां अनेक असतात, त्यांस कोर म्हणतात. पुतण्यानें आणला तो इंटेल कंपनीचा झिऑन ई५-२६८० व्ही४, २०१६ सालचा. त्यांत १४ कोर, आणि प्रत्येक कोर दोन कामें हातीं धरणारा, म्हणून एकंदर २८ धागे. पुतणीचा त्याच कंपनीचा कोअर आय३-१२१००, २०२२ सालचा. त्यांत कोर ४ आणि धागे ८. हाताशीं ठेवावयाची जी जलद स्मृति, कॅश म्हणतात ती, तिकडे ३५ मेगाबाइट, इकडे १२. मोठ्या स्मृतीकडे जाण्याच्या वाटा तिकडे चार, इकडे दोन. हे आंकडे पाहून माझे डोळे दिपले. एक आंकडा मात्र मीं वाचूनही वाचला नाहीं. झिऑनचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, आणि फार झालें तर ३.३, आय३ चा मूळचाच ३.३, आणि जोर केला तर ४.३. शिवाय नव्या रचनेचा कोर एका ठोक्यांत जुन्यापेक्षां अधिक काम उरकतो, हें तर मला ठाऊकच नव्हतें.

यंत्र घरीं आलें, दिवा लागला, पंखे घोंघावूं लागले. पण पडद्यावर चित्र उमटेना! चित्र दाखविण्याची सोय आय३ च्या अंगांतच आहे. या महाशयांच्या अंगांत ती मुळींच नाहीं. कचेरींतील सर्व्हर एखाद्या कोठडींत बसून दूरच्या लोकांचीं कामें करतो, त्याला तोंड दाखवावयाचें कारण काय? निराळें चित्रकार्ड आणावें लागलें. नंतरही तें यंत्र सुरू होण्यास पुष्कळ वेळ घेई, आणि मीं एखादें पत्र लिहावयास बसलों कीं पुतणीच्या संगणकापेक्षां तें मागें पडे. तेव्हां मीं भर पंगतींत दुसरा निकाल दिला: “हत्ती खरा, पण मातीचा!” पुतण्याचें तोंड उतरलें.

त्याची बाजू घेतली ती, नवल असें कीं, पुतणीनेंच. ती म्हणाली, “काका, तुम्ही फळ्यावर एखाद्या शब्दाची रूपसिद्धि करतां, तेव्हां तुमच्या मदतीला आणखी तेरा मास्तर आले तर ती लवकर होईल कां?” मीं म्हटलें, “छे! पाणिनीचें एक सूत्र लागून जें रूप निघेल त्यावरच पुढचें सूत्र लागावयाचें. तेरा जण नुसते पाहत उभे राहतील.” “आणि पांचशें उत्तरपत्रिका तपासावयाच्या असल्या तर?” या प्रश्नाचें उत्तर मला देण्याची जरुरीच उरली नाहीं. पत्र लिहिणें, फाईल उघडणें हीं कामें बहुतांशीं रूपसिद्धीच्या जातीचीं. तेथें एकच जलद हात हवा. रेल्वेच्या आरक्षणासाठीं हजारों माणसें एकदम मागणी करतात, तें काम उत्तरपत्रिकांच्या जातीचें. तेथें पुष्कळ हात हवेत, मग एकेक हात किंचित् मंद असला तरी चालतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही पुष्कळ प्रोसेसर एकत्र जोडूनच.

आमचीं पुस्तकें या दुसऱ्या जातीचीं निघालीं. एक पान ओळखण्यासाठीं दुसऱ्या पानाची वाट पाहावी लागत नाहीं. टेसरॅक्ट नांवाचा विनामूल्य प्रोग्राम देवनागरी अक्षरें ओळखतो. त्याच्या हातीं एकच पान दिलें तेव्हां पुतणीचा आय३ पुढें गेला. परंतु एका रात्रीं दोन्ही यंत्रांवर एकाच ग्रंथाचीं सर्व पानें लावलीं, तेव्हां झिऑननें चौदा-चौदा पानें एकदम हातीं घेतलीं, आणि त्याचा ग्रंथ संपला त्या वेळीं आय३ चा चालूच होता.

त्याचा आणखी एक गुण मला माझ्या विषयामुळें फार भावला. स्मृतींत ठेवलेला एखादा अंक क्वचित् आपोआप पालटतो, शून्याचा एक होतो. सर्व्हरच्या स्मृतींत प्रत्येक ६४ अंकांमागें ८ पहारेकरी अंक जादा ठेवतात. एक अंक चुकला तर तो जागच्या जागीं दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान चूक कळते. आमच्या वैदिकांनीं क्रम, जटा, घन असे पाठ करून तींच पदें उलटसुलट म्हणण्याची पद्धति घातली, तिचें मर्म हेंच नव्हे काय? अधिक म्हणावें, म्हणजे चूक लपत नाहीं. पुतणीच्या साध्या संगणकांत ही सोय नाहीं. एकट्याच्या रोजच्या कामास तिच्यावांचून फारसें अडतही नाहीं.

दोष सांगितल्यावांचून तुलना पुरी होत नाहीं. झिऑनसाठीं कंपनीनें धरलेलें विजेचें माप १२० वॉट. आय३ चें ६०, आणि जोरांत असतांना ८९. आमच्याकडे पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, आणि इन्व्हर्टरवर मोठें यंत्र फार वेळ तग धरीत नाहीं. जुना माल, हमी नाहीं, बिघडला तर जुळणारा मदरबोर्ड शोधीत हिंडणें आलें. तेव्हां ज्या घरांत पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास आणि हिशेब एवढेंच काम आहे, तेथें नवा स्वस्त प्रोसेसर घेणेंच शहाणपणाचें. ज्यांच्याकडे पुष्कळ सुटीं कामें रात्रभर लावावयाचीं आहेत, त्यांनींच दुसऱ्याचा विचार करावा. आमच्या शास्त्रकारांनीं अधिकारिभेद म्हणून जें सांगितलें, तें यंत्रांसही लागू आहे.

आतां त्या जुन्या चुकीविषयीं. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. प्रश्न विचारला कीं चटकन् उत्तर त्याला कधींच येत नसे. लेखी काम मात्र तो शेवटच्या ओळीपर्यंत नेटानें करी. मी जलद उत्तरावर भाळणारा मास्तर. मीं त्याला शेवटच्या बांकावर बसविलें, आणि तो तेथेंच राहिला. वादळानंतर आमच्या आळींत विजेचे खांब उभे करावयास जीं माणसें आलीं, त्यांत तो होता. दिवसामागून दिवस भर पावसांत तो खांबावर चढे. आमच्या घरीं दिवा लागला तेव्हां खालीं उतरून त्यानें मला नमस्कार केला, आणि “सर, तुमची माडी शाकारली कां?” असें विचारलें. त्या वेळीं मला त्याला काय म्हणावयाचें होतें तें सुचलें नाहीं. मोठ्या यंत्राची पंगतींत थट्टा केल्यानंतर त्या रात्रीं तें सुचलें. पण आतां तो बदलून दुसरीकडे गेला आहे.

दुसरें एक देणें मात्र मला फेडतां आलें. पुतणीनें स्वतःच्या पैशानें आणलेल्या संगणकाची किंमत मीं पेन्शनमधून तिच्या हातीं ठेवली. तिनें प्रथम नको म्हटलें. नंतर त्यांतून एक जादा डिस्क मागविली. आजोबांच्या ग्रंथांची दुसरी प्रत आतां तिच्यावर असते, आणि ती डिस्क वादळवाऱ्याच्या भीतीनें आम्हीं पुण्यास बहिणीकडे ठेवली आहे.