कात्री हाती येताच

कमिटीच्या बैठकीत ‘माळीकाका गावाहून येईपर्यंत बागेकडे कोण बघणार?’ हा प्रश्न निघाला तेव्हा मी मोबाइलमध्ये होतो. मान वर केली, तर सगळे माझ्याकडेच बघत होते. मी तळवड्याच्या एका कारखान्यात मशीनवरून उतरलेला माल मोजतो. मापात केसभर फरक पडला तरी परत पाठवतो. अशा माणसाला कुंपण सरळ कापायला काय अवघड, असं सेक्रेटरी म्हणाले. मलाही ते पटलं. चिखलीत राहायला आल्यापासून माझा झाडांशी संबंध गॅलरीतल्या तुळशीपुरता, आणि तिलाही पाणी बायको घालते.

हार्डवेअरच्या दुकानात मी ‘झाडं कापायची कात्री’ मागितली. “सिकेटर की हेज कटर?” दुकानदाराने विचारलं. मी दोन्ही घेतल्या. सिकेटर एका हाताची, बोटाएवढ्या फांदीपर्यंत चालते. तिचं एक पातं धारदार आणि दुसरं बोथट, नुसतं टेका द्यायला. धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवायचं, नाहीतर राहिलेलं टोक चेचतं. हे पाकिटावर चित्र काढून दाखवलं होतं. पाकीट मी दुकानातच टाकून आलो होतो.

सुरुवात कुंपणापासून केली. आमच्याकडे दुरांटा आहे, पिवळसर हिरव्या पानांचा, पिंपरी-चिंचवडच्या दर दुसऱ्या सोसायटीत दिसतो तोच. मी दोन टोकांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, वर स्पिरिट लेव्हल धरली. दोरीच्या वर डोकावेल ते उडवायचं, असा हिशेब. जरा खोल गेलो, तशा हिरव्याच्या आतून नुसत्या करड्या काटक्या दिसायला लागल्या. दाट कुंपणाला पानं बाहेरच्या थरातच असतात, कारण आत ऊन पोचत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी वरून विचारलं, “काढूनच टाकताय का रे?”

कोपऱ्याशी आलो तेव्हा दोन बुलबुल डोक्यावर येऊन ओरडायला लागले. फांद्या बाजूला केल्या, तर आत घरटं. फेब्रुवारीनंतर त्यांची वीण सुरू होते आणि दाट कुंपण त्यांना सोयीचं पडतं. तेवढा भाग तसाच सोडला. संध्याकाळी सेक्रेटरी आले आणि त्या उंचवट्याकडे बोट दाखवून म्हणाले, “इथे लेव्हल चुकली वाटतं.”

आता झुडपं. मी पाहिलेल्या व्हिडिओतल्या इंग्रज बाई सांगत होत्या की हिवाळा सरता सरता, पालवी फुटायच्या आत, निर्धास्त कापा. तिकडे त्या दिवसांत पुष्कळ झुडपं थंडीने निजलेली असतात. आपल्याकडे फाल्गुनात ती चांगली जागी असतात, आणि पुढे थंडी सरायची नसून ऊन तापायचं असतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. जास्वंद, मोगरा, बोगनवेल, गुलाब, सगळ्यांना गुडघ्याएवढं केलं. मोगऱ्याच्या शेंड्यांवर हिरवे बारीक दाणे होते. मी ती कीड समजलो आणि वेचून वेचून कापली. त्या मोगऱ्याच्या कळ्या होत्या.

तुकारामबीज आटोपून माळीकाका परतले. तुकोबांचे टाळ इथे पडले अशी श्रद्धा आहे, म्हणून आमच्या गावाला टाळगाव चिखली म्हणतात. काका बीज कधी चुकवत नाहीत. त्यांनी बागेत एक फेरी मारली, मोगऱ्याच्या खुंटावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “साहेब, फूल कुठं येतं ते बघितलं होतं का?”

“झाडावर,” मी म्हणालो.

काका जुन्नरकडचे. नारायणगावच्या द्राक्षबागांत त्यांनी बरीच वर्षं काढली आहेत. त्यांनी मला मोगरा द्राक्षावरून शिकवला. द्राक्षवेल आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी: त्यातून नवी काडी येते, आणि त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी उन्हाळ्यातच होऊन जाते. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी: तेव्हा डोळे मोजून त्याच काडीवर कापतात आणि घड बाहेर येतो. वेल तीच, पण एक छाटणी काडीसाठी आणि दुसरी फळासाठी. आपण कशासाठी कापतोय हे ठरल्याशिवाय द्राक्षवाला सिकेटर उघडत नाही. मी मात्र लेव्हल बघून कापलं होतं.

मग त्यांनी एकेकाचा निकाल दिला. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, म्हणून ती वाचली. मोगराही नव्या फुटीवरच फुलतो, पण त्याची छाटणी डिसेंबरच्या आसपास पाणी तोडून करायची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी कळ्या धरतात. मी त्या धरल्यावर गेलो. बोगनवेलीचा रंग शेंड्यांकडे असतो, तेव्हा बहर ओसरल्यावर कात्री. गुलाबाची मोठी छाटणी इकडे पावसाळा संपल्यावर. आता कापलं की कोवळी फूट थेट उन्हात होरपळते. गुलाबाचं नाव निघालं तेव्हा मी बुटाकडे बघत होतो.

थोडी अब्रू राखावी म्हणून मी वाचलेलं सांगितलं: याला एपिकल डॉमिनन्स म्हणतात, म्हणजे शेंड्याची दादागिरी, शेंड्याकडून ऑक्सिन नावाचं द्रव्य खाली येतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. “शेंडा खुडला की फुटवे येतात, हेच ना?” काका म्हणाले. हेच.

कापायचं कुठे तेही दाखवलं: बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या जरासं वर, तिरपं. मी पेराच्या मधोमध कापत गेलो होतो. तिथे उरलेला तुकडा वाळत डोळ्यापर्यंत येतो. कुंपण खाली रुंद आणि वर किंचित निमुळतं ठेवायचं, म्हणजे बुडाच्या पानांनाही ऊन मिळतं. माझं ओळंब्यात होतं. कारखान्यात ते पास झालं असतं.

जाड खुंटांना बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हे प्रमाण, आम्ही त्याच हिशेबाने थोडीच केली. मोरचूद आणि चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचे. फ्रान्समधल्या बोर्डोकडे चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे मिश्रण मारत. त्या वेलींना केवडा रोग कमी लागतो, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 साली त्याने ते प्रसिद्ध केलं. मिश्रण जमलं का ते पाहायला काकांनी त्यात लोखंडी खिळा बुडवला. तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त, अजून चुना घालायचा. एवढी एकच तपासणी मला पहिल्या फटक्यात समजली.

झुडपांचं ठीक आहे, पण झाडाच्या फांद्यांना हात लावायचा असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करा. वृक्षतोडीचा 1975 चा कायदा सोसायटीच्या आवारातही लागू आहे. आणि कन्हेर छाटली असेल तर तो ढीग वेगळा ठेवा. शेळ्यांसाठी पाला न्यायला आलेल्या माणसाला मी सगळंच द्यायला निघालो होतो, काकांनी हात धरला. कन्हेर पान-काडीसकट विषारी आहे. ती जनावरांपुढे टाकू नका, आणि जाळूही नका.