शर्करेच्या दोन लेकी

सांगलीच्या बाजारात गुळाच्या रव्यांचे सौदे करणाऱ्या आमच्या घरात ‘शुगर’ हा शब्द परका मानला जाई. वस्तुतः त्याचे माहेर येथलेच. संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे मूळचे खडे. दुसरी नरकभूमी ‘शर्कराप्रभा’ ती याच अर्थाने. प्राकृतात तिची ‘सक्करा’ झाली. आपल्या आगमांच्या भाषाकुळातील हे रूप फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ होत युरोपात पोहोचले आणि इंग्रजीत ‘शुगर’ ठरले. गुळाचा ‘जॅगरी’ हा शब्दही पोर्तुगिजांनी दक्षिण भारतातून उचललेली तिचीच दुसरी लेक. (आज मात्र ‘शुगर’ म्हटले की आपल्याला आधी मधुमेहच आठवतो!) साताऱ्यास दिलेल्या मुलीकडे गेलो की नात गुळाला ‘जॅगरी’ म्हणते. तिला मी अडवत नाही. सक्करेची वाट तेवढी सांगतो.