ढिम्म बाण

संगणक सुरू होतो, पडदा उजळतो. परंतु कळ दाबावी तर अक्षर उमटत नाही आणि माऊस फिरवावा तर बाण ढिम्म. दारात स्नानसंस्काराच्या दाखल्यासाठी नियोजित वधू ताटकळत असते. (नोंदवही कपाटात असतेच, दाखला हातानेही लिहिता येतो, हे तरुण मंडळी विसरतात.)

वायर काढून मागील दुसऱ्या यूएसबी जागेत लावावी, हे सर्वांना ठाऊक असते. आम्ही त्यापुढे संगणक पुन्हा चालू करून विंडोज येण्यापूर्वीच ‘बायोस’ उघडतो का, ते पाहतो. तेथे कळा चालल्या, तर कीबोर्ड धडधाकट आहे. बिघाड विंडोजमध्ये आहे आणि नवा कीबोर्ड आणण्यात अर्थ नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटनंतर दुरुस्तीच्या ‘रिकव्हरी’ पडद्यावर यूएसबी कीबोर्ड व माऊस चालेनासे झाले. नेमकी जेथे त्यांची गरज, तेथेच! २० ऑक्टोबरला त्यावर उतारा आला. जुन्या गोल पीएस/२ जोडणीचे कीबोर्ड मात्र बिनबोभाट चालत होते. आमच्या कार्यालयातील संगणकाला ती जोडणी आहे. म्हणून जांभळ्या टोकाचा जुना कीबोर्ड भंगारात देण्यास आम्ही नकार दिला आहे. तो लावण्यापूर्वी संगणक पूर्ण बंद करावा, एवढेच पथ्य.