मधल्या पाण्यातली पातळी

मिड-स्ट्रोलिंगबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं बहुतेक मनगटाबद्दल असतं. दोन-तीन ग्रॅमचा जिगहेड, त्यावर बोटाएवढा मऊ प्लास्टिकचा मिनो, पाच-सहा पौंडी फ्लुरोकार्बन, आणि ढिल्या लाइनला रॉडच्या टोकाने दिलेली अखंड थरथर. मिनो पुढे फारसा सरकत नाही, कुशीवर वळत राहतो. पोट एकदा डावीकडे चमकतं, एकदा उजवीकडे. जपानी गरवणाऱ्यांनी हे घडवलं, अमेरिकेतल्या नितळ पाण्याच्या तलावांवर ते अलीकडे रुजलं, पण इकडे येताना त्यातली थरथर तेवढी आली. जो तो विचारतो, किती वेगाने हलवायचं? माझ्या मते हा प्रश्नच दुय्यम आहे. थरथर कुणालाही चार दिवसांत जमते. जमत नाही ती पातळी: मिनो ज्या खोलीवर नेला त्याच खोलीवर, वीतभरही वरखाली न होता, होडीपर्यंत आणणं.

पातळीला एवढं महत्त्व का, याचं उत्तर माशाच्या खाण्यात आहे. उघड्या पाण्यात लटकलेला बास बहुधा आपल्या डोक्यावरचं खातो. वरच्या उजेडावर उमटलेली आकृती त्याला स्पष्ट दिसते, आणि तो खातो त्या शॅड नावाच्या लहान माशांचे थवेही पाण्यात ठरावीक थर धरून असतात. थव्यातला एखादा मासा लुळा पडला तरी तो त्या थरातच कलंडतो. पाणी साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की थ्रेडफिन शॅड गारठून मरायला लागतात, तेव्हा हे कलंडणं तलावभर चाललेलं असतं. मिड-स्ट्रोलिंग त्याची नक्कल करतं. आता आपला मिनो चमकतो झकास, पण दहा हात अंतरात हातभर वर चढतो. मासा मागे येतो, पाहतो आणि परततो. आपण रंग बदलतो, मिनो बदलतो, मासा नखरेल आहे म्हणतो. त्याला खटकलं असतं ते हे, की गलितगात्र मासा चढणीवर पोहतोय. मरणारा जीव चढत नाही.

आणि चढण्याचं कारण ती थरथरच. लाइन ढिली असते तेव्हा टोकाचा झटका जिगहेडच्या कडीपर्यंत पोचता पोचता विरतो. डोकं तेवढं कलतं, अंग त्यामागून वळतं. ढील संपली की तोच झटका थेट ओढ होतो आणि मिनो वर उसळतो. ढील जास्त झाली तर झटका पोचतच नाही, मिनो खाली बसू लागतो. या दोहोंमधली जागा अरुंद आहे, शिवाय ती हलती आहे. मिनो लांब असताना लाइन तिरकी असते, ओढ पुढे लागते. होडीजवळ येईल तशी लाइन उभी होते आणि तोच झटका मिनोला वर काढतो. म्हणजे जवळ येताना थरथर बारीक व्हायला हवी आणि रील आणखी सावकाश फिरायला हवं. इथे तबल्याची उठाठेव सुरू होते: एक हात भरभर बोलत असताना दुसऱ्याने विलंबितात राहायचं. हातांची ओढ मात्र एका लयीत येण्याकडे असते. पारखायचं असेल तर काठाशी, गुडघाभर नितळ पाण्यात मिनो डोळ्यांसमोर चालवावा. पोट डावं-उजवं चमकतंय आणि नाक समोर स्थिर आहे, तर ठीक. नाक मान डोलावल्यासारखं वरखाली होत असेल, तर ढील कमी आहे. गरगर फिरत असेल तर हाताचा दोष नाही, मिनो गळावर वाकडा बसलाय. काढून पुन्हा सरळ भरावा.

यावर नेड रिगवाले जो आक्षेप घेतात तो वजनदार आहे. कॅन्ससच्या नेड केहडी यांच्या नावाने ओळखला जाणारा तो मशरूमच्या टोपीसारखा जिगहेड आणि प्लास्टिकचा आखूड तुकडा. त्याने काहीही न करता मासे लागतात, नवशिक्यालाही लागतात. मग ही सगळी कसरत कशासाठी? कारण नेड रिगला तळ असतो. त्याची पातळी जमीन सांभाळते, म्हणून हाताने काही केलं नाही तरी चालतं. मधल्या पाण्यात खाली आधार नाही, वर आधार नाही. तिथे स्थिर राहणं हेच करावं लागतं. ड्रॉप शॉटने हा प्रश्न हुशारीने सोडवला, वजन तळाला आणि गळ त्याच्या वर. पण पंधरा मीटर पाण्यात मासा चार मीटरवर असेल तर तेवढ्या उंचीवर गळ बांधून फेकणार कसा?

दुसरा आक्षेप सोनारच्या पडद्याचा. 2018 मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं आणि मासा, मिनो, दोघांमधलं अंतर, सगळं होडीत बसून दिसू लागलं. मेजर लीग फिशिंगने 2025 मध्ये आपल्या बास प्रो टूरमध्ये असं सोनार दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकातच वापरायला मुभा दिली, यावरून त्याची ताकद कळते. काहीजण म्हणतात, मिड-स्ट्रोलिंग म्हणजे पडद्याचंच अपत्य. पडद्याशिवाय त्याला अर्थ नाही. हे खरं नाही. जपानमध्ये हे तंत्र पडद्याच्या आधीपासून चालत होतं, जिगहेड किती सेकंदांत किती खोल जातो हे मोजून. पडदा मिनो चढल्याचं सांगतो. चढू न देणं हाताकडेच राहतं. उलट पडद्यामुळे एक खोड जडली. मासा हलला की थरथर वाढवायची, म्हणजे नेमकं मिनोला वर उसळवायचं.

जपानची गंमत अशी, की जिथे बास गरवण्याचं इतकं नाजूक शास्त्र तयार झालं तिथे तो परका मासा. 1925 मध्ये आशी तलावात आणून सोडलेला, 2005 मध्ये कायद्याने घुसखोर ठरवलेला. बिवा तलावात तर पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे. त्याच बिवात 2009 मध्ये मानाबू कुरिता यांनी जॉर्जियातल्या 1932 च्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. अर्थात तो मासा जिवंत आमिषाला लागला होता, हे आम्ही नाजूक कामवाले सहसा सांगत नाही.

आमच्यात अहंकार आहेच. जाड लाइनवर स्पिनरबेट फेकणाऱ्यांकडे आम्ही जरा वरून बघतो. त्यांचा मासा ओढून आणलेला, आमचा मन वळवून आणलेला, असं काहीसं. त्याला पुरावा शून्य. बारीक लाइनवर मासा जास्त वेळ झुंजतो, उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात जास्त दमतो, आणि सोडून द्यायचाच असेल तर त्याच्या दृष्टीने दांडगटांची लाइन बरी. शिवाय 'मिड-स्ट्रोलिंग स्पेशल' म्हणून विकले जाणारे महागडे रॉड आम्हीच घेतो. टोक मऊ असलेला साधा स्पिनिंग रॉड पुरतो, हे माहीत असूनही घेतो.

या कामाला तरुण मनगट हवं असं दुकानदार सांगतात, वयाचा मुद्दा मात्र त्याच्या उलट आहे. तरुण मनगट वेगात थरथरतं, आणि त्या वेगात ढील संपून जाते. माझं मनगट आता तेवढं चालत नाही, झटका लहान झालाय, मधे खंड पडतो. पण त्या खंडात मिनो जेवढा खाली बसतो तेवढाच पुढच्या झटक्याने वर येतो आणि पातळी राहते. शिवाय बास आमिष चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. लाइन सैल असेल तर हलका मिनो त्या लोंढ्याबरोबर सहज आत जातो. ताणलेली असेल तर तोंडाशीच अडतो. मंद हाताला हा फायदाही आपोआप मिळतो. लागल्याचं कळतं तेही लाइनवरून: पाण्यावरचा तिचा सैल झोल नुसता सरळ व्हायला लागतो, हाताला काहीच जाणवत नाही.

वारा सुटला की यातलं काहीच चालत नाही. झोल वाऱ्यावर फुगतो, होडी सरकते, ढील कुणाची आणि ओढ कुणाची हे उरत नाही. जड जिगहेड लावावा तर मिनो वळायचा थांबतो. अशा दिवशी स्पिनरबेटवाले लाटांच्या कडेने मासे काढत जातात आणि त्यांचं बरोबर असतं. मी तरीही दोन ग्रॅमचाच जिगहेड लावून बसतो, आणि ते माशांसाठी नसतं.