तबकडीवरील डाग

घड्याळ हे वेळ पाहण्यासाठी असते, अशी आमची गेल्या दिवाळीपर्यंत समजूत होती. पन्नाशी उलटल्यावरही इतकी बाळबोध समजूत बाळगणे प्राध्यापकास शोभत नाही, हे आम्ही कबूल करतो. परंतु तासाची घंटा आणि पगाराची तारीख यांपलीकडे काळाशी ज्याचा फारसा व्यवहार नाही, त्याची समजूत निराळी व्हावी तरी कशाने? ती बदलली आमच्या भाच्याने. हा गृहस्थ मुंबईस चांगल्या हुद्द्यावर आहे आणि त्याच्या संग्रही एकवीस मनगटी घड्याळे आहेत. दिवाळीस तो श्रीवर्धनास आमच्याकडे आला, तेव्हा त्यांतील तीन त्याच्या बरोबर होती व तिन्ही तीन निरनिराळ्या वेळा दाखवीत होती. ‘‘यांतले बरोबर कोणते?’’ असे आम्ही विचारताच त्याने खिशातला फोन काढून आम्हांस वेळ सांगितली.

रात्री जेवणे आटोपल्यावर झोपाळ्यावर बसून त्याने आपल्या छंदाचे शास्त्र आम्हांस समजावून दिले. वाचकांपैकी ज्यांस ते अवगत असेल त्यांनी आमच्या अज्ञानास हसावे. आम्हांस मात्र ते ऐकून प्रथम धक्काच बसला. आमच्या घरच्या स्त्रिया सराफाची पायरी चढत त्या एका पक्क्या हिशेबाने. सोने तोळ्यावर, घडणावळ निराळी. आणि पुढे कधी दागिना मोडण्याची पाळी आलीच, तर सोन्याचे पैसे हाती येत आणि घडणावळ बुडे. भाच्याचे शास्त्र याच्या नेमके उलट आहे. तेथे धातूला कोणी विचारीत नाही, सारे मोल घडणावळीचे! १९७२ साली ओदमार पिगे या स्विस पेढीने ‘रॉयल ओक’ नावाचे अष्टकोनी कड्याचे घड्याळ विकावयास काढले. ते होते पोलादाचे, आणि किंमत मात्र सोन्याच्या कित्येक घड्याळांहून चढी. त्याचा आराखडा काढणारा जेराल्ड जेंटा हा मूळचा जवाहिऱ्याचे काम शिकलेला. सोन्यावर हात बसलेल्या माणसाने पोलादाचा भाव वाढवावा, यात मौज आहे खरी.

जवाहिऱ्यांचा हात या धंद्यात पहिल्यापासूनच आहे. पॅरिसच्या लुई कार्तिए याने १९०४ साली सांतोस-द्यूमाँ नावाच्या आपल्या ब्राझीलियन मित्रासाठी मनगटी घड्याळ करविले. हा मित्र आकाशयानांच्या नादी लागलेला. दोन्ही हात यंत्रात गुंतलेले असता खिशातले घड्याळ काढावे कसे, ही त्याची अडचण होती. त्या काळी मनगटावर घड्याळ बांधणे हे पुरुषांत काहीसे बायकी समजले जाई. न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांचे तर नुसते नाव पुरते. पाटेक फिलिप या पेढीची घड्याळे १८५१ पासून त्यांच्याकडे विकली जातात, आणि काहींच्या तबकडीवर त्यांचेही नाव असते. २०२१ च्या डिसेंबरात टिफनीच्या ठरावीक निळ्या रंगाची तबकडी असलेले असे एक पोलादी घड्याळ लिलावात सुमारे ६५ लाख डॉलरांस गेले. लिलावाचे पैसे सत्कार्यास दिले, हे भाच्याने लगेच सांगितले. आमच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसले असावे.

बरे, पैसे घेऊन दुकानात गेले म्हणजे ही घड्याळे मिळतात, असेही नाही. हवे ते घड्याळ मागण्यापूर्वी नको असलेली दोन-तीन घेऊन दुकानदाराची मर्जी संपादन करावी लागते आणि मग नाव यादीत चढते. टंचाईच्या दिवसांत आमच्या वाण्याकडे साखर हवी असल्यास न खपणारा साबणही मुकाट्याने घ्यावा लागे. तो वाणी काळाच्या किती पुढे होता, हे आम्हांस आज कळले.

परंतु या साऱ्या थाटामाटात भाच्याने जी एक गोष्ट सहज सांगितली, ती आमच्या मनात रुतून बसली. संग्राहकांस सर्वांत प्रिय ते झीज न लपविलेले घड्याळ. काळी तबकडी उन्हाने व दमट हवेने विटून तपकिरी झाली असेल, तर तिला ते ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि तिच्यासाठी अधिक दाम मोजतात. म्हणजे श्रीवर्धनचे ऊन आणि खारा वारा ज्या वस्तूंची नासाडी करतात म्हणून आम्ही जन्मभर कुरकुरलो, त्या नासाडीला जगात भाव आहे! पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचे रोलेक्स डेटोना घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले. तेही पोलादीच. न्यूमनला मोटारींच्या शर्यतींचा नाद. म्हणून त्याच्या पत्नीने ते देताना, गाडी जपून हाक, अशा अर्थाचे शब्द मागील बाजूस कोरून घेतले होते. घेणाऱ्याने घड्याळ घेतले की त्या बाईची काळजी, हे सांगणे कठीण आहे.

हे ऐकताना आम्हांस आमच्या शेजारच्या दिवेआगराची आठवण झाली. १९९७ साली तेथील एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी सापडली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला, हे सर्वांस ठाऊक आहे. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडेखोरांनी मंदिराच्या रखवालदारांचे प्राण घेऊन तो लुटला आणि वितळविला. पुढे चोर सापडले, सोनेही सापडले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात नव्या मुखवट्याची स्थापना झाली. भाविकांच्या दृष्टीने देव परत आला, आणि ते योग्यच आहे. पण ज्या अज्ञात सोनाराने तो जुना चेहरा घडविला, त्याची घडणावळ मुशीत गेली ती गेलीच. आपल्या सराफी हिशेबात ती नाहीतरी बुडीतच धरलेली असते.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीही जरा ऐटीतच कपाटातून वडिलांचे घड्याळ काढले. ते फाव्र-ल्युबा पेढीचे. वडिलांच्या तोंडी ‘फेवरलुबा’. या स्विस पेढीने १८६५ सालीच मुंबईत व्यापार सुरू केला होता. १९६१ मध्ये एच. एम. टी.ने जपानी सिटिझन कंपनीच्या साहाय्याने देशी घड्याळे काढली, तरी जावयाला द्यावयाचे तर स्विसच, असा आमच्या आजोबांचा हट्ट. आणि म्हणून १९६६ साली मांडवात हे घड्याळ वडिलांच्या मनगटावर चढले. मुहूर्त मात्र, आई सांगते, भटजींनी घटिकापात्रावरच धरला होता. वडील शाळामास्तर. शाळेत, वाडीत पोफळींना पाणी लावताना, समुद्रावर फिरताना, सर्वत्र ते हातावर असे. रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून ते काटे जुळवीत व मग किल्ली देत. त्या घड्याळात कधीतरी पाणी शिरले आणि तबकडीवर एक तांबूस डाग उमटला. त्याला आम्ही भावंडे ‘जंजिरा’ म्हणत असू. भोवती पांढरा समुद्र आणि मध्ये हा किल्ला!

वडील गेल्यावर वर्षश्राद्धापूर्वी आम्ही ते घड्याळ मुंबईस नेले आणि गजबजलेल्या बाजारातील एका कारागिरास, नव्यासारखे करून दे, म्हणून सांगितले. त्याने शब्द पाळला. तबकडी शुभ्र झाली, अक्षरे काळीभोर झाली. आम्ही ते आईच्या हाती ठेवले. तिने थोडा वेळ पाहिले, ‘‘छान झालंय हो,’’ म्हणाली, आणि रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने घराची अर्धी कौले नेली, तेव्हाही ते त्या रुमालातच सुखरूप होते.

भाच्याने डोळ्याला भिंग लावले आणि तो बराच वेळ बोलला नाही. मग हलकेच म्हणाला, ‘‘मामा, तबकडी रंगवलेली आहे.’’ अक्षरे जाड झाली होती, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नव्हत्या, आणि ‘जनीव्ह’ या फ्रेंच शब्दाच्या डोक्यावरची तिरकी मात्रा रंगाऱ्याने सोडून दिली होती. जुन्या घड्याळांच्या तबकड्या रंगवून विकण्याचा मुंबईत मोठा धंदा आहे. परदेशी संग्राहक अशी घड्याळे पाहताच दूर सारतात. ‘‘मूळची असती तर?’’ असे आम्ही विचारले. किमतीत फार फरक पडला नसता, तो म्हणाला. ही घड्याळे काही दुर्मिळ नव्हेत. या उत्तराने आमचे समाधान व्हावयास हरकत नव्हती. ते झाले नाही. कारागिरास दोष द्यावा, तर त्याने आम्ही सांगितले तेवढेच केले होते.

आई दारातच उभी होती. ऐंशीच्या घरातले कान, परंतु नेमके नको ते त्यांस ऐकू येते.

‘‘मला तेव्हाच दिसलं होतं,’’ ती म्हणाली.

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तू एवढ्या हौसेनं करून आणलंस. आणि बोलून तो डाग परत येणार होता का?’’

भाच्याने तिला जवळ बसवून घेतले आणि डाग नेमका कोठे होता ते विचारले. तिने चष्मा न लावताच काचेवर बोट टेकले, चार आणि पाच यांच्या मधोमध. आमच्या मते तो सातापाशी होता. अगदी छातीवर हात ठेवून आम्ही सांगितले असते. फोनवर ताईला विचारले, तर ती म्हणाली, सहाच्या जरा वर, आणि जंजिरा कसला, तिला तर तो नेहमी कासवासारखा दिसे. आईने दोघांचेही ऐकून घेतले. बोट मात्र तिने काचेवरून हलविले नाही.