निरंक

जूनची पहाट. बाघ नदीच्या काठी, आटत आलेल्या एका बोडीच्या पाळीवर बसलोय. पाच वाजायचेत. मांडीवर वही, गळ्यात दुर्बीण.

आमच्या गोंदियापासून अरबी समुद्र दूर आणि बंगालचा उपसागरही दूर. तिकडे कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर 2002पासून माणसं पहाटे कासवांचे माग शोधत वाळू तुडवतात. आम्ही धानाच्या बांध्या तुडवतो, सारसासाठी.

माणसाएवढा उंच पक्षी, पण महाराष्ट्रात उरलाय तो मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात, आणि तोही तिसाच्या आसपास. लग्नात एका पंगतीला याहून जास्त पानं मांडतो आम्ही. ‘सेवा’ संस्था, वनखातं आणि गावोगावचे सारसमित्र पावसाआधी त्याची गणना करतात. उन्हाळ्यानं पाणी थोडक्याच ठिकाणी राहतं, सारस रात्री तिथंच उतरतात. उजाडून चरायला पांगण्याआधी मोजून घ्यायचे. नदीपलीकडे शेजारच्या राज्यात, बालाघाटातही सोबतच मोजणी चालते, नाहीतर एकच जोडी दोन्ही राज्यांच्या खात्यावर चढायची.

उजाडलं. दोन बगळे, एक टिटवी. विजेच्या तारांवर कोतवाल. त्या तारा मला बघवत नाहीत. एवढ्या मोठ्या पंखांना त्या ऐनवेळी चुकवता येत नाहीत.

“दिसला का जी?” धुऱ्यावरून शेतकरी विचारतो.

मी मान हलवतो.

“मागच्या पावसात या बांधीत घर होतं त्याचं. दोन अंडी.”

सारस उभ्या पिकात पाण्यावर ढीग रचतो, त्यासाठी आसपासचं धान उपटतो, मग महिनाभर दोघं आळीपाळीनं अंडी उबवतात. या शेतकऱ्यानं तेवढा तुकडा सोडून दिला होता. किती धान गेलं, हे त्यानं सांगितलं नाही. माझ्या वहीत तसा रकानाही नाही.

पहिल्या वर्षी रिकामा रकाना भरताना मला लाज वाटली होती. लांबचा एखादा करडा ठिपका सारस ठरवायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू? आता सवय झालीय. न दिसणं हीसुद्धा नोंदच, फक्त ती लिहिताना पेन जड होतं.

नऊच्या सुमारास मी सरकारी शब्द लिहिला: निरंक. वही मिटली आणि नदीपल्याडून सारसांच्या जोडीची हाक आली, एकाची लांब, दुसऱ्याची तुटक, एकमेकांत गुंतलेली. शेतकरी थांबला. मी दुर्बीण लावली, नुसती झाडं.

“लिवा ना जी,” तो म्हणाला.

ऐकलेलं मोजायचं नसतं. आणि तो काठ दुसऱ्या कुणाच्या वहीतला.